घर आणि वाहन : रुतलेल्या गाडीची सोडवणूक

महाभारतात रुतलेल्या चाकाची एक कथा आहे आणि ती आपणां सर्वांस ठाऊक आहे. कर्णाच्या रथाचे चाक ज्या कुरुक्षेत्राच्या भूमीत रुतले, ती भूमी आजच्या हरियाणातच आहे. परंपरेने द्रोणाचार्यांचे गाव मानले जाणारे गुरुग्रामही त्याच राज्यात आहे. रथ गेले, बैलगाड्या विरळ झाल्या, पण चाके रुतण्याचे काही थांबले नाही. जुलै २०१६ च्या अखेरीस पडलेल्या पावसाने हीरो होंडा चौकाच्या परिसरात पाणी तुंबले आणि हजारो लोकांनी रात्र गाडीतच काढली, ही हकीकत त्या वेळी देशभर वाचली गेली. अरवलीच्या उतारावरून वाहून येणारे पाणी बादशाहपूर नाल्यातून नजफगढच्या नाल्याकडे जाते. मधली मोकळी जमीन बांधकामाखाली गेल्यामुळे त्याला पसरण्यास जागा उरली नाही. शहराबाहेर दमदम्याच्या तलावाकडे किंवा अरवलीच्या पायथ्याच्या कच्च्या वाटांकडे वळावे, तर कोरड्या दिवसांत भुसभुशीत वाळू आणि पावसाळ्यात चिकट गाळ ठरलेला.

अशा वेळी आठवण होते ती चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची. या गाड्यांशी गुरुग्रामचे नाते जुने आहे. येथील मारुतीच्या कारखान्यातील पहिल्या मोटारीची चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकास देण्यात आली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८५ साली, त्याच कारखान्याची जिप्सी ही गाडी रस्त्यावर आली. सैन्यदलात, पोलीस दलात, वनखात्यात आणि अनेक हौशी कुटुंबांत ती तीन दशकांहून अधिक काळ नांदली. सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ च्या सुमारास थांबली, परंतु जुन्या जिप्सी आजही धावताना दिसतात. महाराष्ट्रातील वाचकांच्या घरी तिच्या जागी माझगावच्या किंवा कांदिवलीच्या कारखान्यातून निघालेली महिंद्रांची जुनी जीप असेल. पुढील विवेचन दोन्हींना सारखेच लागू आहे.

जिच्यावर इतरांना बाहेर काढण्याची भिस्त, तीच गाडी कधी तरी स्वतः रुतते. मग कोणी तरी दोर आणतो, दुसरी गाडी पुढे लावतो आणि विचारतो, "हुक कुठे आहे?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढील पाच मिनिटांत माणसाचा जीव अवलंबून असू शकतो. आजचा लेख त्या उत्तरासंबंधी आहे.

एक शब्द, तीन वस्तू

भाषांतराचे काम करणाऱ्यास शब्दांच्या घोळाची सवय असते, पण येथील घोळ केवळ भाषेपुरता राहत नाही. गॅरेजमध्ये गाडीखाली दिसणाऱ्या प्रत्येक वाकड्या लोखंडास 'हुक' असेच म्हणतात. वस्तुतः त्या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत.

पहिली वस्तू म्हणजे बांधण्याचे कडे. कारखान्यातून निघालेली गाडी मालमोटारीवर, आगगाडीत किंवा जहाजात चढविल्यावर ती हलू नये म्हणून हे कडे साखळीने खाली जखडतात. ते बहुधा पातळ पत्र्याचे असते. जागेवर उभी असलेली गाडी जागेवरच राहावी, एवढेच त्याचे काम.

दुसरी वस्तू म्हणजे ओढण्याचे कडे. बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावरून, सरळ रेषेत, सावकाश ओढून नेण्यासाठी ते असते. चाके मोकळी फिरत असल्यामुळे अशा वेळी लागणारे बळ गाडीच्या वजनाच्या मानाने अल्प असते.

तिसरी वस्तू ती, जिला इंग्रजी पुस्तकांतून रिकव्हरी पॉइंट म्हणतात. आपण तिला सोडवणुकीचे कडे म्हणू. चिखलात पोटापर्यंत बसलेली गाडी हिसक्याने बाहेर काढताना जो भार येतो, तो सोसण्यासाठीच हे कडे घडविलेले असते आणि ते सांगाड्यास, म्हणजे चॅसीला, भक्कम बोल्टांनी जखडलेले असते. कित्येक जुन्या गाड्यांना पहिली दोन कडी असतात, तिसरे नसते. तिसऱ्याचे काम पहिल्याकडून करून घेतले की अपघात घडतो.

येथे चौथ्या एका वस्तूचा उल्लेख अगत्याचा आहे. ट्रेलर जोडण्यासाठी काही गाड्यांच्या मागे पोलादी गोळा बसविलेला असतो. त्यात पट्टा अडकविणे सोपे वाटते, परंतु सोडवणुकीसाठी तो कधीही वापरू नये. त्या गोळ्याची मान हिसक्याने तुटते आणि गोळा तोफेच्या गोळ्यासारखा समोरच्या गाडीच्या काचेतून आत शिरतो. परदेशांत अशा रीतीने माणसे दगावलेली आहेत.

भार किती येतो

हा भार नेमका किती, हे थोड्या हिशेबाने पाहू. सैन्यदलांत रुतलेली वाहने काढणाऱ्यांचा एक ढोबळ आडाखा आहे. गाडी चाकांच्या उंचीइतकी रुतली असेल, तर तिला हलविण्यास जवळजवळ तिच्या वजनाइतके बळ लागते. चिखल मडगार्डापर्यंत आला असेल तर दुप्पट, आणि त्याहूनही वर चढला असेल तर तिप्पट. माणसे व सामान धरून जिप्सीचे वजन सुमारे दीड टन समजले, तर हे आकडे दीड, तीन आणि साडेचार टन होतात. चढ असेल तर त्याची भर निराळीच.

आता हिसक्याचा विचार करू. दीड टनाची दुसरी गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने पुढे निघाली आणि दोर ताणला गेला. त्या क्षणी तिच्या अंगी सुमारे ५,८०० जूल इतकी गतिज ऊर्जा असते. मधे लोखंडी साखळी असेल आणि सगळे मिळून जेमतेम १० सेंटिमीटर ताणले जात असेल, तर कड्यांवर सरासरी सहा टनांच्या आसपास भार येतो. त्याऐवजी ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा असेल आणि तो दोन मीटर लांबला, तर तोच सरासरी भार एक तृतीयांश टनाच्याही आत राहतो आणि शेवटच्या क्षणी फार तर दुप्पट होतो. गाडी तीच, वेगही तोच. फरक पडला तो केवळ ताणाचा. म्हणूनच हिसका द्यावयाचा असेल तर साखळी, तारेचा दोर किंवा मालमोटारीवरील सामान बांधण्याचा दोरखंड वापरू नये. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, हेही विसरू नये. "जरा जोरात घे" या नेहमीच्या सूचनेचा खरा अर्थ हा आहे.

ताणलेल्या पट्ट्यात ही सर्व ऊर्जा धनुष्याच्या दोरीप्रमाणे साठून राहते. कडे तुटले आणि त्यातील केवळ दहावा हिस्सा एक किलो वजनाच्या लोखंडी तुकड्यास मिळाला, तरी तो तुकडा ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने निघतो. बघ्यांची गर्दी जेथे उभी असते, नेमक्या त्याच रेषेत तो जातो.

जुन्या गाडीला कडे कोठे आणि कसे बसवावे

कडे कितीही उत्तम घेतले, तरी ते ज्यावर बसते तो सांगाडाच पोखरलेला असेल तर खर्च व्यर्थ होय. यास्तव आरंभ तपासणीपासून करावा. गाडी लिफ्टवर घेऊन तिचे पोट पाण्याने स्वच्छ धुवावे, वाळू द्यावे आणि मग चॅसीच्या दोन्ही टोकांवर लहान हातोडीने ठोकत जावे. निरोगी पोलादाचा नाद खणखणीत येतो. गंजलेल्या भागाचा बद्द येतो आणि पापुद्रे सुटतात. जिप्सीसारख्या गाडीचा सांगाडा शिडीच्या आकाराचा असून त्याचे दांडे पेटीसारखे पोकळ असतात. पाणी व माती आत साचून गंज आतून बाहेर येतो. त्यामुळे बाहेरचा नवा रंग पाहून समाधान मानू नये. मागील पाट्यांच्या कड्यांजवळचा भाग आणि बंपरामागील टोके विशेष काळजीने पाहावीत. पूर्वी अपघात होऊन दांडा सरळ केला असल्यास किंवा वेल्डिंगची ठिगळे असल्यास आधी त्यांचा बंदोबस्त करावा.

सांगाडा ठीक निघाला, तर पुढे दोन आणि मागे दोन अशी चार कडी बसविणे उत्तम. दोन्ही दांड्यांना एकेक कडे असले की दुहेरी पट्ट्याने भार विभागता येतो. हा दुहेरी पट्टा आखूड मात्र नसावा. त्याच्या दोन शाखांमधील कोन ६० अंशांचा असेल, तर प्रत्येक कड्यावर एकूण ओढीच्या सुमारे ५८ टक्के भार येतो. कोन १२० अंशांचा झाला, तर प्रत्येकावर पूर्ण भार येतो आणि विभागणीचा काहीच लाभ उरत नाही.

कडे आपल्या गाडीच्या नमुन्यासाठीच बनविलेले आणि कारखान्याने आधीच पाडलेल्या छिद्रांत बसणारे असावे. सांगाड्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेजवळ नवे छिद्र पाडल्याने दांडा दुबळा होतो. कड्यावर किती भार चालतो याचा आकडा कोरलेला असावा. केवळ लाल रंग दिलेला जाड पत्रा म्हणजे सोडवणुकीचे कडे नव्हे.

बोल्टांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा अंक असतो. यातील पहिला अंक पोलादाचे तुटण्याचे बळ सांगतो. ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरास सुमारे ८०० न्यूटन. दुसरा अंक सांगतो, की त्या बळाच्या किती दशांशांपर्यंत बोल्ट कायमचा न लांबता टिकेल. १२ मिलिमीटर जाडीचा ८.८ प्रतीचा एक बोल्ट आडव्या काप-भारास सुमारे चार टनांपर्यंत टिकतो. असे दोन असल्यास आठ टन. याउलट १० मिलिमीटरचा साधा सौम्य पोलादाचा बोल्ट दीड टनाच्या आतच कापला जाऊ शकतो. हार्डवेअरच्या दुकानातील बिनखुणेचा बोल्ट या दुसऱ्या जातीचा समजावा आणि तो येथे वापरू नये. दोन्हींच्या किंमतीत फरक थोड्याच रुपयांचा आहे.

पोकळ दांड्यातून आरपार बोल्ट घालावयाचा असेल, तर आत पोलादी नळीचा तुकडा बसवावा. नाहीपेक्षा नट आवळताच दांड्याच्या भिंती आत दबतात आणि बोल्ट पुन्हा सैल होतो. आतल्या बाजूस लहान वायसराऐवजी जाड पट्टी घालावी, म्हणजे भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. नट न सुटणारे घ्यावेत, टॉर्क पान्याने नेमून दिलेल्या मापापर्यंतच आवळावेत आणि त्यांवर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट हलला असे समजावे.

कड्यास जागीच वेल्डिंग करून देण्याची सूचना मिस्त्री हमखास करील, कारण ते लवकर होते. ती नम्रपणे नाकारावी. जुन्या, पातळ झालेल्या पोलादास उष्णतेने जोडाच्या शेजारी ठिसूळपणा येऊ शकतो आणि सांधा आतून किती धरला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. बोल्टाची परीक्षा मात्र घरच्या घरी होते.

शॅकल आणि पट्टा

कड्यात जो अर्धगोल लोखंडी दुवा अडकवितात, त्याला बाजारात शॅकल म्हणतात. त्याच्या अंगावर कामाचा भार कोरलेला असतो. १९ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या मिश्र पोलादी शॅकलवर ४.७५ टन हा अंक आढळतो आणि तो आपल्या कामास पुरेसा आहे. अंक नसलेले शॅकल जहाजाच्या शिडाला शोभेल, गाडीला नव्हे. त्याची खीळ हाताने पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यावी, म्हणजे ताणानंतर ती अडकून बसत नाही.

पट्टा जितका जाड तितका बरा, असाही एक समज आहे. तो बरोबर नाही. हलक्या गाडीसाठी फार जाड पट्टा घेतला तर तो ताणलाच जात नाही आणि साखळीसारखा वागतो. पट्ट्याचे तुटण्याचे बळ दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावे, हा सर्वसाधारण नियम. कडे, बोल्ट आणि शॅकल मात्र पट्ट्याहून बळकट असावेत. तुटायचेच झाले तर मऊ पट्टा तुटावा, लोखंड तुटू नये, हे या सर्व व्यवस्थेचे सूत्र आहे. त्याच कारणाने दोन पट्टे मधे शॅकल घालून कधीही जोडू नयेत. भिजलेला, चिरलेला किंवा उन्हाने विटलेला पट्टा या कामातून काढून टाकावा.

कायद्याची बाजू

गाडीत बदल करताना मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ ध्यानी ठेवावे. नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल या कलमान्वये करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा कडक अर्थ लावला. बंपरापुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी जाळ्यांविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईस सांगितले होते. त्या पादचाऱ्यांना घातक ठरतात. आपले कडे बंपराच्या बाहेर डोकावणार नाही अशा बेताने बसवावे आणि मनात शंका असल्यास आधी परिवहन कार्यालयात विचारावे. राजधानीच्या परिसरातील वाचकांनी गाडीच्या वयाचा नियमही पाहावा. तेथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्बंध घातले. पुढे त्यांत फेरबदलही झाले. जुन्या गाडीवर खर्च करण्यापूर्वी सद्यःस्थितीची चौकशी करणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष प्रसंगी

इतकी सिद्धता झाली तरी पहिले साधन फावडे हेच होय. आपल्याकडे बैलगाडी रुतली की शेतकरी आधी चाकापुढची माती काढतो, दगड किंवा पाला घालतो आणि मगच बैलांना हाक देतो. बैलांना उगाच मारून उपयोग नाही हे त्याला कळते. गाडीचेही तसेच. चाकांपुढील चिखल उकरला, पोटाखालची माती काढली आणि वाळूत असल्यास चाकांतील हवा काही काळ कमी केली, की लागणारे बळ निम्म्यावर येऊ शकते. अनेकदा दुसऱ्या गाडीची गरजच उरत नाही.

ओढावेच लागले, तर दोन्ही चालकांनी आधी खुणा ठरवाव्यात आणि सूचना एकानेच द्यावी. दोन्ही गाड्या शक्यतो एका रेषेत असाव्यात. पट्ट्याच्या मध्यावर ओले पोते किंवा जाड कांबळे टाकावे. त्याने तुटलेल्या टोकाची झेप कमी होते, थांबत मात्र नाही. पहिला प्रयत्न अगदी सावकाश करावा. दोन-तीन प्रयत्नांत गाडी हलली नाही, तर वेग वाढवू नये. पुन्हा फावडे हाती घ्यावे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. गाडीत चालकाखेरीज कोणीही बसू नये. बाकीच्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर आणि तेही बाजूस उभे राहावे. नेहमीच्या नऊ मीटर पट्ट्यासाठी हे अंतर साडेतेरा मीटर, म्हणजे सुमारे अठरा पावले होते. ताणलेला पट्टा कोणीही ओलांडू नये. मुलांना हा प्रकार गमतीचा वाटतो आणि ती पुढे धावतात. घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने त्या वेळी केवळ मुलांचे हात धरून उभे राहण्याचे काम पत्करावे; मोबाईलवर चित्र घेण्याचा मोह त्याने तरी टाळावा. गाडीला धक्का देणाऱ्या चार माणसांहून हे काम कमी मोलाचे नाही.

शहरात तुंबलेल्या पाण्याविषयी एक वेगळी सूचना. खाली उघडे गटार आहे की तुटलेली विजेची तार, हे वरून कळत नाही. अशा पाण्यात गाडी घालणे हे शौर्य नव्हे. तेथे मागे वळणे हीच खरी सोडवणूक.

पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी आपण एवढे करावे. गाडीखाली वाकून पाहावे आणि तेथे जे कडे आहे ते तिघांपैकी कोणते, हे मिस्त्रीस दाखवून विचारावे. उत्तर स्पष्ट मिळेपर्यंत त्यात कोणाचाही दोर अडकवू देऊ नये. मग घरात गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास, मुलीला, सुनेला आणि मुलालाही, ती जागा दाखवून ठेवावी. अंधारात, पावसात आणि घाईत "हुक कुठे आहे?" हा प्रश्न ज्याला विचारला जाईल, त्याला उत्तर आधीपासून माहीत असले पाहिजे.